ग्लेन वेव्हर्ली पूर्वेलाच दिसायला हवं

मेलबर्नच्या पूर्व भागातलं ग्लेन वेव्हर्ली आणि त्याच्या उत्तरेला सात-आठ किलोमीटरवर बॉक्स हिल. दोन्ही उपनगरांत रेल्वे आहे. तरीही एकीकडून दुसरीकडे आगगाडीनं जायचं, तर आधी शहराच्या दिशेनं बर्नलीपर्यंत यायचं आणि तिथून दुसऱ्या मार्गानं पुन्हा बाहेर जायचं. बर्नलीपर्यंत बारा टप्पे, पुढे बॉक्स हिलपर्यंत नऊ, असे एकवीस. त्यात सगळ्याच गाड्या बर्नलीला थांबत नाहीत, त्यामुळे अनेकदा रिचमंडपर्यंत जाऊन गाडी बदलावी लागते. ठाणेकरांना हे नवीन नाही. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू होण्याआधी वाशीला निघालेला ठाणेकर कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी धरायचा.

मेलबर्नमध्ये यावर उपाय म्हणून चेल्टनहॅम ते बॉक्स हिल असा २६ किलोमीटरचा भुयारी मार्ग खोदला जातोय. चेल्टनहॅम, क्लेटन, मोनाश, ग्लेन वेव्हर्ली, बर्वूड आणि बॉक्स हिल ही त्याची सहा स्थानकं. गाड्या २०३५ मध्ये धावायच्या आहेत. त्या धावल्या की एकवीस टप्प्यांचे दोन होतील.

हे सगळं पडद्यावर दाखवायला अवघड जाऊ नये. व्हिक्टोरिया राज्याचं वेळापत्रक सर्वांसाठी खुलं आहे आणि जाळ्यांची चित्रं काढणारी साधनं फुकट मिळतात. पण माहिती साधनात ओतून बटण दाबलं, की ग्लेन वेव्हर्ली डावीकडे खाली जाऊन बसतं आणि पश्चिमेकडचं वेरिबी उजवीकडे वर जातं. पुन्हा बटण दाबलं तर सगळं फिरून तिसरीकडेच. ट्रॅम आणि बसचे थांबे मिळवले तर नुसता रेघांचा गुंता. माहितीत एकही चूक नसताना चित्र असं का निघतं, आणि ते ताळ्यावर आणायला साधनात कुठे हात घालावा लागतो, ते पाहू.

आजीला यादी चाळावी लागत नाही

संगणकाच्या भाषेत अशा जाळ्याला ग्राफ म्हणतात; हा शाळेच्या वहीतला आलेख नव्हे. जाळ्यात काही बिंदू असतात, त्यांना नोड म्हणतात, आणि नोडना जोडणारे दुवे असतात. स्थानक हा नोड, दोन स्थानकांमधला टप्पा हा दुवा.

अशी माहिती साठवण्याची एक वेगळी पद्धत आहे, ग्राफ डेटाबेस. लग्नाच्या मांडवात अनोळखी पोरगा दिसला, की आजी विचारते, “तू कुणाचा रे?” तो सांगतो, सुधामावशीच्या नणंदेचा. आजी मनातल्या मनात सुधामावशीकडे जाते, तिथून तिच्या नणंदेकडे, आणि पोरगा कुणाचा ते कळतं. त्यासाठी तिला अख्ख्या गावाची यादी चाळावी लागत नाही, कारण प्रत्येक माणसापाशी पुढच्या माणसाचा पत्ता असतो. ग्राफ डेटाबेसही प्रत्येक नोडपाशी त्याच्या शेजाऱ्यांचे पत्ते ठेवतो. तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये नात्याच्या प्रत्येक पायरीला पुन्हा तक्ते जुळवावे लागतात. पायऱ्या दोन असतील तर फरक जाणवत नाही, आठ-दहा झाल्या की चांगलाच जाणवतो.

या जातीतला सर्वांत परिचित डेटाबेस म्हणजे स्वीडनमधला निओफोरजे. त्याच्या सायफर या प्रश्नभाषेत नोड गोल कंसात लिहितात, दुवा चौकोनी कंसात, आणि मध्ये आडव्या रेघा नि बाण. म्हणजे हव्या असलेल्या जाळ्याचा तुकडा अक्षरांनी काढून दाखवायचा आणि डेटाबेस तसे तुकडे शोधून आणतो. २०१६ मध्ये ‘पनामा पेपर्स’ उलगडताना शोधपत्रकारांनी कंपन्या, मालक आणि पत्ते यांचं जाळं याच डेटाबेसमध्ये ठेवलं होतं. दोनशे-सव्वादोनशे स्थानकांसाठी मात्र खरं तर एक साधी फाईलसुद्धा पुरते. ग्राफ डेटाबेसची गरज ट्रॅम, बस, वेळा आणि बदलाच्या जागा आल्यावर लागते.

माहिती जुळवतानाचे खाचखळगे

चित्र काढणारी बहुतेक खुली साधनं डेटाबेसला ओळखतच नाहीत. टोरांटो विद्यापीठात घडलेलं सायटोस्केप-जेएस घ्या. त्याला दोनच गोष्टी कळतात, नोडची यादी आणि दुव्यांची यादी. प्रत्येक दुव्यावर ‘कुठून’ आणि ‘कुठे’ लिहिलेलं असावं, एवढीच त्याची मागणी. तेव्हा पहिलं काम म्हणजे डेटाबेसचं उत्तर या साच्यात बसवणारा छोटा कार्यक्रम लिहिणं. तो शंभरेक ओळींत होतो, पण बहुतेकांचा पहिला दिवस त्यातच जातो.

एक खाच अशी, की एकच स्थानक उत्तरात अनेकदा येतं. बर्नली दोन मार्गांवर आहे, म्हणून दोनदा. गाळणी लावली नाही तर साधन तक्रार करतं. दुसरी खाच आकड्यांची आहे. निओफोरजेचे पूर्णांक ६४ बिटांचे असतात आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या आकड्यात ते सगळे अचूक मावत नाहीत. म्हणून निओफोरजेचा जोडकार्यक्रम आकड्याऐवजी एक डबी हातात देतो. डबी उघडून आकडा काढायला विसरलं, की ‘बर्नलीचा क्रमांक’ म्हणून भलतंच काहीतरी पुढे जातं आणि दुवे तुटलेले दिसतात.

त्याआधीचा निर्णय मात्र यंत्राला घेता येत नाही. खुलं वेळापत्रक जीटीएफएस नावाच्या साच्यात येतं. त्यात थांब्यांचा एक तक्ता असतो, अक्षांश-रेखांशांसह, आणि कोणती गाडी कोणत्या थांब्यावर कितव्या क्रमांकानं आणि किती वाजता येते याचा दुसरा. लागोपाठच्या दोन थांब्यांमध्ये दुवा टाकायचा, हे सोपं वाटतं. पण जलद गाडी मधली स्थानकं गाळते, त्यामुळे लांबलांबच्या स्थानकांमध्ये थेट दुवे तयार होतात. चित्र रुळांचं हवंय की गाड्यांचं? रुळांचं हवं असेल तर सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्याच घ्यायच्या. गाड्यांचं हवं असेल तर जलद गाडीचा दुवा वेगळ्या प्रकारचा आहे असं नोंदवायचं. वरचे एकवीस टप्पे रुळांच्या जाळ्यातले आहेत. गाड्यांच्या जाळ्यात आकडा वेगळा येतो आणि तोही चुकीचा नसतो.

स्प्रिंगांना दिशा कळत नाही

आता मूळ कोडं. डेटाबेसला एवढंच ठाऊक असतं, की सिंडल आणि ग्लेन वेव्हर्ली जोडलेली आहेत. पडद्यावर ती कुठे बसवायची, हे माहितीत नसतं. ती जागा साधन ठरवतं आणि त्यासाठीची सर्वांत रुळलेली युक्ती ऑस्ट्रेलियातच सापडली होती. १९८४ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातले पीटर ईड्स यांनी सुचवलं, की प्रत्येक नोड ही एक पोलादी कडी आणि प्रत्येक दुवा ही स्प्रिंग आहे असं समजा. कड्या कुठेही टाका आणि सोडून द्या. ताणलेल्या स्प्रिंगा जोडलेल्यांना जवळ ओढतील, न जोडलेले नोड एकमेकांना ढकलतील, आणि सगळं स्थिरावलं की जो आकार उरेल तेच चित्र.

आज ब्राउझरमध्ये तरंगत, थरथरत जागेवर येणारी जाळी दिसतात ती याच कल्पनेची नातवंडं. मधल्या काळात वेग वाढवावा लागला. प्रत्येक नोडनं बाकी प्रत्येकाला ढकलायचं, तर २०० नोडच्या १९,९०० जोड्या होतात आणि २,००० नोडच्या १९,९९,०००. यावरचा उपाय तारे मोजणाऱ्यांकडून आला. १९८६ मध्ये जॉश बार्न्स आणि पीट हट यांनी दाखवलं, की दूरच्या ताऱ्यांचा पुंजका एकच जड तारा मानला तरी गुरुत्वाकर्षणाचं गणित फारसं बिघडत नाही. डी-थ्री या लोकप्रिय खुल्या साधनात हीच काटकसर वापरलेली आहे.

पण स्प्रिंगांना उत्तर-दक्षिण कळत नाही. सगळं जाळं जसंच्या तसं फिरवलं किंवा आरशात उलटवलं, तरी एकाही स्प्रिंगेचा ताण बदलत नाही. म्हणून स्प्रिंगांच्या दृष्टीनं वेरिबी पूर्वेला आणि ग्लेन वेव्हर्ली पश्चिमेला असलेलं चित्र तितकंच चांगलं. सुरुवातीला कड्या कुठे पडल्या त्यावर शेवटचा आकार ठरतो, आणि बऱ्याच साधनांत ती सुरुवात चिठ्ठी उचलल्यासारखी असते. दर वेळी चित्र वेगळं येतं ते त्यामुळे.

मग अक्षांश-रेखांशच का वापरू नयेत? वापरता येतात, पण शहराच्या मध्यभागी फ्लिंडर्स स्ट्रीट, सदर्न क्रॉस, फ्लॅगस्टाफ, मेलबर्न सेंट्रल आणि पार्लमेंट ही पाच स्थानकं इतकी जवळ आहेत, की त्यांची नावं एकमेकांवर चढतात. बाहेर मात्र मोकळं रान. प्रवाशाला गुंतागुंत कळायला हवी ती नेमकी मध्यभागी.

क्लेटनमधून निघालेला तोडगा

ग्लेन वेव्हर्लीपासून चार-साडेचार किलोमीटरवर मोनाश विद्यापीठाचा क्लेटन परिसर आहे. (तिथे अजून रेल्वे नाही. हंटिंगडेल स्थानकाबाहेरून ६०१ क्रमांकाची बस धरावी लागते.) या विद्यापीठात किम मॅरियट, टिम ड्वायर, मायकेल वायब्रो यांनी वर्षानुवर्षं एकाच प्रश्नावर काम केलं: स्प्रिंगांना मोकळं सोडायचं, पण अटी घालून. ड्वायर, येहुदा कोरेन आणि मॅरियट यांचा त्यावरचा एक पायाभूत लेख २००६ मधला आहे. ड्वायर यांचं वेबकोला हे खुलं साधन त्याच विचारातून आलं.

त्याचं काम दोन पावलांत चालतं. पहिल्या पावलात स्प्रिंगाच असतात, फक्त प्रत्येक जोडीमध्ये एक, आणि तिची लांबी त्या दोघांतल्या टप्प्यांच्या प्रमाणात. ग्लेन वेव्हर्ली आणि बर्नली बारा टप्प्यांवर असतील, तर चित्रातही साधारण बारा एकक दूर. दुसऱ्या पावलात अटी तपासल्या जातात. ‘ग्लेन वेव्हर्ली बर्नलीच्या उजवीकडे, निदान एवढ्या अंतरावर असावं’, ‘ही पाच स्थानकं एका रेषेत असावीत’, ‘कुठलीही दोन नावं एकमेकांवर येऊ नयेत’ अशा त्या असतात. स्प्रिंगांनी नोड अटीबाहेर ओढला असेल, तर अट पाळणाऱ्या सर्वांत जवळच्या जागी तो परत आणला जातो. ही दोन पावलं आलटून पालटून, चित्र स्थिर होईपर्यंत.

सगळ्या स्थानकांना अटी घालायची गरज पडत नाही. प्रत्येक मार्गाच्या दोन टोकांना दिशा दिली, की मधली आपोआप सरळ होतात. फार अटी घातल्या तर त्या एकमेकींशी भांडतात आणि चित्र आखडतं. एक सापळा लक्षात ठेवावा: पडद्यावर खाली जाताना आकडा वाढतो. म्हणून ‘बॉक्स हिल ग्लेन वेव्हर्लीच्या उत्तरेला’ ही अट लिहिताना बॉक्स हिलचा उभा आकडा लहान हवा. उलट लिहिलं, तर साधन निमूटपणे मेलबर्न डोक्यावर उभं करून देतं.

सायटोस्केप-जेएसमध्ये वेबकोला मुळात नव्हतं. दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेली. त्यांना जोडणारा एक छोटा तुकडा वेगळा लिहिला गेला आहे. तो पानात घ्यायचा, मुख्य साधनाला ‘हे वापर’ म्हणून एका ओळीत सांगायचं, की मांडणीच्या पर्यायांत ‘कोला’ हे नाव दिसू लागतं. मूळ साधनाची एकही ओळ न बदलता त्याला नवं कौशल्य शिकवण्याची ही वाट लेखकांनीच मोकळी ठेवलेली असते.

चौकट: हात कुठे घालायचा?

रंग, जाडी, तुटक रेघ बदलायची असेल तर शैलीच्या नियमांत. दुव्यावर ‘मार्ग: ग्लेन वेव्हर्ली’ असं लिहिलेलं असेल तर गडद निळा रंग, ‘प्रस्तावित’ लिहिलेलं असेल तर तुटक रेघ, असे नियम लिहिता येतात. नोडच्या जागा बदलायच्या तर मांडणीच्या जोडतुकड्यात. टिचकी मारल्यावर काय व्हावं, ते घटनांच्या नोंदीत. माहितीच अपुरी किंवा चुकीची येत असेल, तर डेटाबेसच्या प्रश्नात आणि साचा जुळवणाऱ्या कार्यक्रमात. नवख्या माणसाची धडपड बहुधा चुकीच्या जागी चाललेली असते. गुंता दिसला की तो रंग बदलत बसतो आणि दोष असतो प्रश्नात, कारण त्यानं सगळंच एकदम मागवलेलं असतं.

टिचकी मारल्यावर

मेलबर्नच्या ट्रॅमला १,६०० हून जास्त थांबे आहेत. ते सगळे एकदम काढले, तर कोणतीही मांडणी वाचवू शकत नाही. चांगला मार्ग म्हणजे थोडं दाखवायचं आणि मागितल्यावर वाढवायचं. ग्लेन वेव्हर्लीवर टिचकी मारली, की फक्त त्याचे शेजारी डेटाबेसकडून मागवायचे आणि चित्रात मिळवायचे. त्यात ९०२ क्रमांकाची बस येते, जी चेल्सीपासून निघून इथूनच पुढे एअरपोर्ट वेस्टकडे जाते.

इथे एक चूक सर्रास दिसते. नवे नोड आले की सगळी मांडणी पुन्हा चालवतात आणि आधी पाहिलेली स्थानकं उड्या मारून दुसरीकडे जातात. वाचणाऱ्याच्या मनात तोवर एक नकाशा तयार झालेला असतो आणि तो मोडतो. या ‘मनातल्या नकाशा’वर १९९५ मध्ये एक महत्त्वाचा लेख आला, आणि त्याच्या लेखकांतही तेच पीटर ईड्स होते. उपाय साधा आहे. जुने नोड कुलूपबंद करायचे, नव्यांपुरती मांडणी चालवायची आणि मग कुलपं काढायची. सायटोस्केप-जेएसमध्ये ही सोय तयार मिळते.

टिचकीच्या कामात सुरक्षेचाही प्रश्न येतो. वापरणाऱ्यानं शोधखिडकीत लिहिलेला मजकूर थेट डेटाबेसच्या प्रश्नात चिकटवू नये. कुणी स्थानकाच्या नावाऐवजी ‘सगळं पुसून टाक’ या अर्थाचं वाक्य लिहिलं, तर डेटाबेस ते पाळेलही. नाव वेगळं पाठवायचं, म्हणजे ते नावच मानलं जातं. शिवाय ब्राउझरमध्ये ठेवलेला पासवर्ड कुणालाही वाचता येतो, म्हणून प्रश्न मधल्या सर्व्हरमार्फतच जावेत आणि त्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी असावी.

काळही असाच जोडता येतो. प्रत्येक दुव्यावर ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ लिहायचं आणि खाली एक सरकपट्टी द्यायची. १९३० वर आणली की रूळ ग्लेन वेव्हर्लीपर्यंत पोचलेले दिसतात. २०२३ वर सरी हिल्स आणि माँट अल्बर्ट ही दोन स्थानकं नाहीशी होऊन त्यांच्या जागी युनियन येतं. (बॉक्स हिलकडचे नऊ टप्पे या बदलानंतरचे आहेत, त्याआधी ते दहा होते.) २०३५ वर ग्लेन वेव्हर्लीचा आजवरचा एकुलता एक दुवा सोडून आणखी दोन उगवतात, आणि अटी असूनही सगळी पूर्व बाजू थोडी आत ओढली जाते. स्प्रिंगांना आता जवळचा रस्ता मिळालेला असतो.

‘ग्लेन वेव्’

स्थानकांची नावं मराठीत लिहिली, की एक नवीनच दुखणं सुरू होतं. नाव मोठं असेल तर ते ठरावीक लांबीवर कापून पुढे तीन टिंबं टाकायची, असं बरीच साधनं करतात. ‘ग्लेन वेव्हर्ली’ आपण पाच अक्षरांत वाचतो, पण संगणकाच्या हिशेबी त्यात मधल्या मोकळ्या जागेसह पंधरा चिन्हं आहेत, कारण प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त वेगळा मोजला जातो. दहाव्या चिन्हावर कापलं की उरतं ‘ग्लेन वेव्’. इंग्रजीत असं तुटलेलं नाव निदान वाचता येतं. इथे अक्षराचा पायच मोडतो.

ब्राउझरकडे मजकुराचे अक्षरागणिक तुकडे पाडण्याची सोय आहे, आणि चिन्हांऐवजी ते तुकडे मोजले की बरंचसं सुटतं. पूर्ण मात्र नाही. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याआधीचे ब्राउझर ‘व्ह’ मध्ये ‘व्’ आणि ‘ह’ असे दोन तुकडे पाडतात. तेव्हा आपल्या कोडमध्ये एक तपासणी जास्तीची ठेवावी: तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचा त्याला जोडायचा. दुसरी अडचण रुंदीची आहे. साधन नावाची रुंदी मोजून वर्तुळाचा आकार ठरवतं, पण त्या क्षणी देवनागरी फाँट उतरलेला नसेल तर मोजमाप चुकतं. फाँट आल्यावरच चित्र काढायला सुरुवात केली की ही भानगड राहत नाही.

जोड द्यायची की फाटा फोडायचा

कधी कधी लेखकांनी ठेवलेल्या वाटा पुरत नाहीत आणि मूळ कोडच बदलावं लागतं. खुल्या परवान्यामुळे ते करता येतं. सायटोस्केप-जेएस आणि वेबकोला यांचा एमआयटी परवाना जवळजवळ काहीच अडवत नाही, फक्त मूळ नावनिशाणी ठेवायला सांगतो. निओफोरजेच्या खुल्या आवृत्तीचा जीपीएल परवाना जास्त कडक आहे. बदललेला माल दुसऱ्याला दिला, तर बदललेलं कोडही त्याच अटींवर द्यावं लागतं.

पण परवानगी असली तरी असा फाटा, म्हणजे मूळ कोडची आपली वेगळी प्रत, महाग पडतो. मूळ साधन पुढे जात राहतं, त्यातल्या दुरुस्त्या आपल्या प्रतीत हातानं आणाव्या लागतात, आणि वर्षभरात दोन्ही इतकी लांब जातात की जुळवणं सोडून द्यावं लागतं. सिग्मा-जेएस या साधनाला लिंक्युरियस-जेएस नावाचा एक फाटा फुटला होता. त्यात उपयोगी भर होती, पण पुढे त्याची देखभाल थांबली. मूळचं सिग्मा आजही चालू आहे. म्हणून जोडतुकड्यानं भागत असेल तर मूळ कोडला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

अक्षर तोडणारी ओळ मात्र जोडतुकड्यानं दुरुस्त होत नाही, कारण ती साधनाच्या पोटात असते. ती बदलून बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवावा. बंगाली नि गुजराती नावांचंही तसंच होतं, तेव्हा ते काम फक्त आपल्यापुरतं राहत नाही. सोबत लांबलचक समजावणी लागत नाही. तुटलेल्या आणि अखंड ‘ग्लेन वेव्हर्ली’ची दोन चित्रं शेजारी-शेजारी जोडावीत, आणि कुठल्या चिन्हावर कापलं ते लिहावं. समोरच्याला देवनागरी वाचता येत नसली तरी दोन चित्रांतला फरक दिसतो, आणि चाचणीसाठी त्याला एक नावही मिळतं.